भरवसा आणि दुसरी किल्ली

परीक्षा आटोपल्या की तालुक्याच्या गावी उन्हाळी क्रीडा शिबिरांचे फलक लागू लागतात. नंदुरबार जिल्ह्यात अशा शिबिराचे मोल मोठे आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील मुलांचे पाय मुळातच काटक. त्यांना गरज असते ती मैदानाची आणि शिकवणाऱ्याची. पालक पोराला क्लबच्या हवाली करतात ते मात्र एकाच हमीवर : ‘सर चांगले आहेत.’

सर चांगले असतीलही. पण प्रश्न सरांच्या चारित्र्याचा नाही, व्यवस्थेचा आहे. माझी नोकरी बँकेत गेली. तिथे तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे राहतात. त्यात कोणालाच अपमान वाटत नाही. उद्या बालंट आलेच, तर प्रामाणिक माणसाला हाच नियम वाचवतो. नोटांसाठी आपण जी रीत बिनतक्रार पाळतो, ती मुलांसाठी सुचवली की क्लबच्या कार्यकारिणीला राग का यावा?

१९९० साली हरियाणात चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. आरोपी राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस खात्यातला बडा अधिकारी होता. १९९३ मध्ये त्या मुलीने जीवन संपवले. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले ते २००९ च्या डिसेंबरात. तक्रार ज्याच्याकडे करायची तोच आरोपी असला, म्हणजे काय होते याचा हा धडा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्ह्याची माहिती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला. संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रकरण ‘आपसात मिटवण्याची’ मुभा आता कोणत्याही क्लबला नाही.

मूल बंद खोलीत एकट्या प्रशिक्षकासोबत नको. मुली असतील तिथे जबाबदार बाई हवी. तक्रार ऐकणारी व्यक्ती क्लबबाहेरची हवी. एवढे झाले तरी दुसरी किल्ली फिरली.

दुसरा धोका उन्हाचा आणि रक्ताचा. इथला पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो. सातपुड्यातून तापीकाठी उतरलेल्या मुलाला त्या उन्हाची सवय व्हायला काही दिवस लागतात. त्यातच भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अतिश्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता यांमुळे रुग्णाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. नुसता वाहक असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो. पण त्यालाही अतिरेकी कसरत क्वचित जिवावर बेतू शकते. अमेरिकेत २००६ साली एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा असा मृत्यू झाल्यावर तिथे वरच्या श्रेणीतील खेळाडूंसाठी २०१० पासून ही तपासणी आली. आपल्याकडे २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून तपासणीनंतर कार्डही मिळते.

मात्र ते कार्ड पाहून मुलाला दारातून परत पाठवणे हा दुसरा अन्याय ठरेल. वाहकाला खेळू द्यावे. रुग्णाचा सराव डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावा. सराव सकाळी लवकर घ्यावा, दर थोड्या वेळाने पाणी पाजावे, ‘दम लागला’ म्हणणाऱ्याला कामचुकार न म्हणता सावलीत बसवावे. कार्डावरची माहिती चव्हाट्यावर येऊ नये.

या सगळ्याला खर्च किती? एक नोंदवही, पाण्याचे पिंप आणि दुसरा जबाबदार माणूस. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांतून एवढे सहज निघेल. म्हणून यंदा नाव घालण्यापूर्वी पालकांनी क्लबला एवढेच विचारावे : दुसरी किल्ली कोणाकडे आहे?