संसाराचा हिशेब : गाडीचा काटा खरे सांगतो का?

आपल्या घरात चारचाकी येते ती बहुधा जुनीच. कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतो, कुणी पतपेढीचे कर्ज काढतो, कुणी घरातले सोने मोडतो. घेताना आपण रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर नवे दिसले की खूश होतो. पण वेगाचा काटा खरे सांगतो की नाही, हे कुणी तपासत नाही. या खेपेला त्याविषयी बोलू.

परभणी-जिंतूर रस्त्यावर झरी हे गाव आहे. तिथल्या आमच्या परिचयाच्या एका घराने जुनी बोलेरो घेतली. दोघे भाऊ कष्टकरी. परवाना काढून गाडी भाड्याने चालवायची आणि हप्ते फेडायचे, असा बेत. आधीच्या मालकाने हौसेने मोठे टायर चढवले होते. गाडी रुबाबदार दिसे, पण डिझेल जास्त खाते असे वाटे आणि काट्यावर ६० असताना गाडी जास्तच पळते, असे थोरल्याला जाणवे. मेस्त्री म्हणाला, मीटर बदला. खिशात पैसा नव्हता. तेव्हा नववीत शिकणाऱ्या लेकीने वही काढली.

आधी मीटर कसे चालते ते समजून घेऊ. मीटर रस्ता मोजत नाही, ते चाकाचे फेरे मोजते. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल असते. ती फिरली की मीटरमधले लोहचुंबक फिरते, त्याच्या ओढीने अॅल्युमिनियमची वाटी वळते, आणि बारीक स्प्रिंग तिला जितके वळू देईल तितका काटा सरकतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर आणि वायर असते, पण मोजले जातात ते फेरेच. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्यात मूळ टायरवरून ठरलेले असते. टायर बदलला की तो हिशेब बिघडतो.

टायरचा आकार त्याच्या बाजूवर लिहिलेला असतो. बोलेरोचा नेहमीचा आकार २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. या चाकाचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. झरीच्या गाडीला ३१ इंची टायर होते, व्यास ७८७. मुलीने चाकावर आणि जमिनीवर खडूने खूण केली, गाडी ढकलून एक फेरा पुरा केला आणि टेप लावली. मूळ टायर एका फेऱ्यात सुमारे २ मीटर २१ सेंटिमीटर जातो, हा २ मीटर ४७ च्या आसपास गेला. दर फेऱ्याला वीतभर रस्ता जास्त, आणि मीटरला त्याचा पत्ता नाही!

दुसरी परीक्षा रस्त्यावरची. काका गाडी चालवत होता, पोर शेजारी घड्याळ घेऊन बसली. काटा ६० वर स्थिर ठेवून एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंतची वेळ मोजायची. ताशी ६० ला किलोमीटरला बरोबर ६० सेकंद लागतात. हिशेब सोपा आहे : ३६०० ला सेकंदांनी भागा, खरा वेग निघतो. यांना ५४ सेकंद लागले. म्हणजे काटा ६० म्हणत होता आणि गाडी सुमारे ६७ ने धावत होती. रस्तारुंदीत दगड इकडेतिकडे होतात, म्हणून चार-पाच वेळा मोजावे. मोबाइलवरच्या उपग्रहाच्या नकाशातही वेग दिसतो, पण सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगातच तो धरावा. आणि मोबाइल शेजारच्याने पाहावा, चालवणाऱ्याने नव्हे.

आता दोष कुठे आहे ते ओळखा. वेग आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर दोष टायरचा किंवा गिअरचा, किंवा दुसऱ्या गाडीचे मीटर बसवले असेल. किलोमीटर बरोबर आणि फक्त काटा चुकत असेल, तर दोष मीटरच्या आत. किलोमीटर पडतात पण काटा हलत नाही, तरी दोष मीटरमध्येच. दोन्ही बंद पडले असतील, तर आधी केबल पाहा. मीटरकडची टोकाची जोडणी सोडवा, गाडी थोडी ढकला. आतली तार फिरत नसेल तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्समधल्या लहान चक्राचे दात झिजले आहेत. काटा थरथरत असेल, कुईकुई आवाज येत असेल, तर केबल कोरडी किंवा मुडपलेली असते. तिला ग्रीस द्या, पण मीटरकडची वीतभर तार सोडून, नाहीतर ग्रीस मीटरमध्ये चढते. सेन्सरच्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायर आणि गंजलेली जोडणी आधी पाहावी.

काटा दोन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर घाबरू नका. कारखाने तो मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असा लावतात. टायर झिजल्यावरही काटा थोडा जास्त दाखवतो. भीती आहे ती कमी दाखवणाऱ्या काट्याची. ६० ऐवजी ६७ ने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर थांबायला सुमारे पाव पट जास्त रस्ता घेते. आडवे आलेले पोर किंवा बैलगाडी त्या पाव पटीत सापडते. शिवाय वेगाचा कॅमेरा आपला काटा पाहत नाही, गाडी पाहतो.

पैशाचेही पाहा. याच गाडीने २०० किलोमीटरचे भाडे केले, तर मीटरवर १७९ च पडतील. किलोमीटरला १२ रुपये ठरले असतील, तर एका फेरीत अडीचशे रुपये गेले. डिझेलचा अॅव्हरेज खरा साडेबारा असेल, तर तो सव्वाअकराच्या खाली दिसेल आणि आपण विनाकारण इंजिन खोलून बसू. टायर मूळ आकाराहून लहान असेल, तर उलटे होईल. तेव्हा गिऱ्हाईक फसेल आणि नाव आपले जाईल.

कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. आधीच्या मालकाच्या हौसेचा जाब आज ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला द्यावा लागतो, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हरकत निघू शकते.

झरीच्या भावांनी मीटर बदलले नाही. मोठे टायर विकून मूळ आकाराचे बसवले आणि पुन्हा दगडावर मोजले. किलोमीटरला ५९ ते ६२ सेकंद आले. मेस्त्रीकडचा खर्च वाचला.

म्हणून गाडी पसंत करताना टेप, खडू, घड्याळ आणि घरातले शिकते लेकरू सोबत न्या. दारावरच्या चिठ्ठीत किंवा पुस्तिकेत टायरचा मूळ आकार पाहा. ब्रेकचे पेडल गुळगुळीत झिजलेले आणि मीटरवर किलोमीटर मात्र थोडे, असे असेल तर सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागा. विकणारा मोजू देत नसेल, तर बयाणा देऊ नका.

पुढच्या अंकात : जुन्या गाडीची कागदपत्रे कशी तपासावीत.