कळलावीचा कंद आणि बायांचं दुखणं

पावसाळ्यात बांधावरच्या कुंपणावर लाल-पिवळी कळलावी फुलते. कुणी तिला खड्यानाग म्हणतं. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरायची जुनी चाल होती, नावही त्यावरूनच पडलं. याच वेलीत कोल्चिसिन असतं. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद सुजवणाऱ्या गाउटवर डॉक्टर जी बारीक गोळी देतात, ती याचीच. तमिळनाडूत तर शेतकरी बियांसाठी कळलावीची रीतसर लागवड करतात.

एंडोमेट्रिओसिस या दुखण्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो आणि पाळीत बाई पोट धरून बसते. त्यावर गाउटचं जुनं औषध चालेल का, हे संशोधक तपासून पाहत आहेत. कोल्चिसिन पेशींची वाढ रोखतं, दाह कमी करतं, म्हणून ही आशा. जुन्या औषधाला नवं काम मिळतं, हे खरं आहे. २०२० साली ५,५२२ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले आणि २०२३ मध्ये अमेरिकेनं हृदयविकारासाठी कोल्चिसिनला मान्यता दिली. पण बायकांच्या या दुखण्यावर ते अजून मान्य औषध नाही.

आमची धास्ती वेगळीच आहे. गावात पोचेपर्यंत या बातमीतलं "कळलावी पिशवीवर चालते" एवढंच उरेल, आणि कुणीतरी कुदळ घेऊन बांधावर जाईल. गोळीत औषध अर्धा मिलिग्रॅम मोजून असतं. कंदात किती, ते कोण मोजणार? कंद पोटात गेला की काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. घरचे म्हणतात, शिळं खाल्लं असेल. मग मूत्रपिंड, रक्त, हृदय एकेक करून बिघडतं. सहज मिळेल असा उतारा नाही. असं झालंच तर उरलेला कंद सोबत घेऊन थेट मोठा दवाखाना गाठावा.

आणि नव्या औषधाची वाट कशाला पाहायची? वेदनाशामक आणि हार्मोनच्या गोळ्या आजही आहेत. त्या बाईपर्यंत पोचत नाहीत, हे खरं दुखणं. बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढलेली निघाली. अंगावरून जातं, पोट दुखतं, एवढ्यावरून "काढून टाका" असं सांगितलं जातं. तोडीतला खाडा परवडत नाही म्हणून बाईही हो म्हणते.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढं करावं. टोळी कारखान्यावर निघायच्या आधी आशाताईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात बायकांची तपासणी लावावी. जिला पिशवी काढायला सांगितलंय, तिला दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला मिळावा म्हणून जिल्हा रुग्णालयात पाठवावं. जायची गाडी मात्र पंचायतीनं बघावी, कारण भाड्याचे पैसे नाहीत म्हणूनच ती बहुतेक वेळा घरी बसते.