काकांची करवत आणि आमचं इंजिनीअरिंग

मित्रहो, आधीच माफी मागून ठेवते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. संपादकांनी दुरुस्त केलं तर ठीक, नाहीतर पोटात घाला. विषयही दुरुस्तीचाच आहे.

केळव्याला आमच्या मोठ्या काकांची वाडी आहे. नारळ, सुपारी, थोडे चिकू, कडेला सुरू. तिथे पेट्रोलवर चालणारी एक चेनसॉ आहे. 2009 ची, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा वाडीत आडवी झालेली झाडं हिनेच कापली. गेल्या दिवाळीत मात्र तिने मान टाकली. थंड असताना सुरू व्हायची, पाच मिनिटांत गरम झाली की बंद. काकांचा निकाल तयार होता, "भंगारात द्या. सात हजारांत नवीन चायनीज येते."

मी मेकॅनिकलची! घरात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या विषयातलं बोललं होतं. मी करवत उचलली आणि बोईसरला एका मेस्त्रींकडे नेली. हे गवत कापायच्या मशीनपासून स्कूटरपर्यंत सगळं बघतात. त्यांनी सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले आणि टॉर्च मारून आत पिस्टन दाखवला. पिस्टनवर उभे ओरखडे असते तर खेळ खलास, कारण मग सिलेंडरही गेलेला असतो आणि त्या खर्चात नवं मशीन येतं. आमचा पिस्टन गुळगुळीत निघाला. कॉम्प्रेशनही ठीक. दोष कार्बोरेटरच्या रबरी पडद्यात होता. करवत आडवी, उभी, वाकडी कशीही धरावी लागते, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये बाईकसारखा फ्लोट चालत नाही, पातळ पडदा असतो. तो कडक झाला की पेट्रोल नीट येत नाही. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. आणि आपण पावसाळाभर टाकीत तेच पेट्रोल ठेवतो! किट चारशे, प्लग दीडशे, मजुरी तीनशे. एकूण 850 रुपये.

सात हजार विरुद्ध साडेआठशे. माझ्या मते विषय संपला होता. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याच्या आत असेल तर दुरुस्त करा, हा ढोबळ नियम सगळ्यांना माहीत आहे. आधी तिच्यावर किती पैसे घातले ते मोजायचे नाहीत, तो खर्च बुडालेला असतो, हेही व्हायवाला विचारतात. मी काकांना वर एक उदाहरण दिलं, आपल्या दारातलं. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन युनिट ऑक्टोबर 1969 पासूनची. प्रत्येकी 210 मेगावॉटची होती. स्टीम जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या तेव्हा क्षमता 160 वर आणली, पण भट्ट्या मोडीत काढल्या नाहीत. "अणुभट्टी दुरुस्त होते, काका, आणि तुमची करवत नाही?" काका गप्प. मी खूश.

करवत परत आणली तेव्हा वाडीवर झाडं कापायला येणारे दादा भेटले. ती चालवतात तेच. काकांनी आयुष्यात दोनदा हातात धरली असेल, मी तर फोटोपुरती. दादांनी दोरी ओढली, आवाज ऐकला, बंद केली. मग म्हणाले, "ताई, ते पुढचं बसवलं नाय का?"

पुढचं म्हणजे चेन ब्रेक. पुढच्या दांड्यासमोर जी ढालीसारखी पट्टी असते, ती. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की अख्खी करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. तेव्हा हात त्या ढालीवर आपटतो, आतली पोलादी पट्टी क्लचच्या ड्रमला आवळते आणि साखळी क्षणात थांबते. आमच्या करवतीची ढाल कधीच तुटली होती, आतली पट्टी कोणीतरी काढून टाकलेली. दादा दोन वर्षं मागत होते. काकांनी मनावर घेतलं नाही, कारण लाकूड तर कापलं जात होतं. मेस्त्रींनी विचारलं नाही, कारण मी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण... खरं सांगू? बघितलंच नाही. पिस्टन बघत होते ना!

मग तारापूरचं माझंच उदाहरण मी पुन्हा वाचलं. तिथे नुसतं चालू ठेवण्याची दुरुस्ती झाली नव्हती. 2005-06 मध्ये युनिट बंद ठेवून जास्त क्षमतेचे नवे डिझेल जनरेटर बसवले, दोन्ही युनिटमधल्या काही सामाईक यंत्रणा वेगळ्या केल्या. 2011 ला फुकुशिमा झाल्यावर पुन्हा तपासणी आणि आणखी सोयी. 2020 पासून तर दोन्ही युनिट मोठ्या नूतनीकरणासाठी बंद केली. म्हणजे जुनं ठेवायचं तर सुरक्षा पहिल्यापेक्षा वाढवून. मी काकांना अर्धीच गोष्ट सांगितली होती, सोयीची.

म्हणून माझं मत आता असं आहे. दुरुस्तीच्या बाजूचीच आहे मी. केंद्र सरकारने 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारंही आहेत, हे मला मनापासून आवडलं. आपल्याकडे तीन वर्षांचा मोबाईलसुद्धा लोक म्हातारा म्हणतात. पण किंमतीचा हिशेब दुसरा. पहिला प्रश्न, मशीन ज्याच्या हातात असतं त्याला काय हवंय? ब्रेक बसत असेल तर ही करवत आणखी दहा वर्षं चालवावी. बसत नसेल तर पिस्टन आरशासारखा असला तरी भंगारात. आणि सात हजारांची नवी घेतली तरी आधी तिचा ब्रेक चालतो का बघावं, मग हॉर्सपॉवर. हेल्मेट, जाळी, बूट हा खर्चही मशीनच्या किंमतीतच धरायला हवा. आमच्या घरात तो कोणी धरला नव्हता, मीसुद्धा.

आपल्या वर्कशॉपमधल्या ग्राइंडरचं गार्डही कोणीतरी काढून खिडकीत ठेवलंय. सर, तुम्ही वाचत असाल तर.

करवत पुन्हा बोईसरला आहे. मेस्त्री एका मेलेल्या मशीनचा ब्रेक मिळतो का शोधताहेत, म्हणाले आठ-पंधरा दिवस लागतील. काकांची चिडचिड चालू आहे, कारण विहिरीजवळचं सुकलेलं सुरूचं झाड पाडायचंय. ते तोवर उभं राहील.