घरकुलाला परसदार का नाही?

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मातीत हात घालणं सध्या प्रतिष्ठेचं काम आहे. गच्चीवर पिशव्यांमध्ये टोमॅटो, मेथी, दोडके लावणारी कुटुंबं इथे गल्लोगल्ली आहेत. ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं हे शिकवणारं ‘स्वच्छाग्रह कलिका केंद्र’ याच भागात आहे. २०११ पासून या शहरात ‘ऊटा फ्रॉम युवर तोटा’, म्हणजे ‘तुमच्याच बागेतलं जेवण’, या नावाने गच्चीबागवाल्यांचे मेळावे भरत आले आहेत. ज्यांची हौस गच्चीवर भागत नाही, त्यांच्यासाठी शहराबाहेर ‘मॅनेज्ड फार्मलँड’च्या जाहिराती आहेत: जमिनीचा एक तुकडा, त्यावर आंबा-चिकू, चार देशी कोंबड्या, राखणीला एखादं मजूर कुटुंब, आणि शनिवार-रविवारी मुलांना अंडं कुठून येतं ते दाखवण्याची सोय.

या बागांशी माझं भांडण नाही. ओला कचरा घरीच जिरला तर तो उपसावा कमी लागतो, आणि बेंगळुरूत तो उपसणाऱ्या पौरकार्मिकांमध्ये दलित स्त्रियांची संख्या मोठी आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. कोंबडी आणि भाजीचा वाफा या दोन गोष्टी मालकीच्या जागेवर असल्या की त्यांना ‘जीवनशैली’ म्हणतात. त्याच गोष्टी गायरानावरच्या झोपडीसमोर असल्या की तलाठी त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणतो. कोंबडी तीच, वाफाही तोच. फरक पडतो तो उताऱ्यावर कुणाचं नाव आहे त्याने. म्हणून परसदार हा जमिनीचा, अर्थात जातीचा प्रश्न आहे, आणि आपल्या चळवळीने तो तसाच मांडला पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेत नव्हतं, पण कोंबड्या होत्या. याचं कारण साधं आहे. गाईला चारा लागतो, चाऱ्याला बांध लागतो, बांधाला सातबारा लागतो. कोंबडीला यातलं काहीच लागत नाही. ती उकिरड्यावर, सांडलेल्या दाण्यावर, किड्यांवर पोट भरते. रात्री डालग्याखाली झाकली की झालं. भूमिहीन माणसाला पाळता येईल असं हे जनावर, म्हणून ते वस्तीत टिकलं. पिल्लं घ्यायलाही पैसे नसत तेव्हा दुसऱ्याची तलंग अर्धलीने आणायची, पिल्लं निघाली की निम्मी वाटून घ्यायची. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकवीस दिवस मोजायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी अंडी विकून तेल-मीठ यायचं, वहीपेनही यायचं. मानमोडी आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं व्हायचं, आणि त्या नुकसानीचा पंचनामा करायला कुणी येत नसे. दाराशी एक शेवगा, मोरीच्या पाण्यावर अळू, कुडावर चढवलेला घेवडा. या एवढ्याशा जागेवर कुटुंबाचा पावसाळा निघायचा.

हे सगळं बायांच्या आणि मुलींच्या हातचं काम होतं, हेही लिहिलं पाहिजे. अंड्याचा पैसा हा बहुधा घरातल्या बाईच्या हातातला एकमेव पैसा असे. पण अंडं ताटात पडायचं ते पाहुण्याच्या, मग कर्त्या पुरुषाच्या, मग मुलाच्या. खुराडं झाडणारी पोर शेवटी. त्यामुळे वस्तीतल्या परसदाराची गोडगुलाबी आठवण काढायची मला हौस नाही. त्या चार हात जागेवर गावाचंही राज्य होतं. वस्तीला लागून दुसऱ्याचं शेत असलं आणि कोंबडी त्या वाफ्यात शिरली, की भांडण कोंबडीवरचं राहत नाही, ते जातीवर येतं. जागा आपली नसेल तर कोंबडीलाही मान खाली घालून चरावं लागतं.

आता पुन्हा एचएसआरकडे येऊ. हे नाव होसूर-सरजापूर रोड लेआउटचं आहे. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आगरा आणि आसपासच्या गावांच्या जमिनींवर ही वसाहत आखली. आगरा तलाव आजही आहे. त्याच्या पाण्यावर पिकणारी शेतं गेली आणि तिथे तीस बाय चाळीसचे, चाळीस बाय साठचे ‘साइट’ आले. जिथे कालपर्यंत शेती होती, त्याच जागी आज गच्चीवर शेती शिकवली जाते. जवळच सोमसुंदरपाळ्यात कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळाचा प्रकल्प होता. शहराचा ओला कचरा तिथे येई आणि दुर्गंधीविरुद्ध एचएसआरच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्यांची तक्रार खरी होती. पण शहरातला आणि गावातला एक जुना नियम इथेही दिसतो: घाण कुणाच्या तरी घराजवळ जाणारच असते, आणि ती कुठे जाऊ नये हे ठरवण्याची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते. गावाने महारवाडा, मांगवाडा कुठे बसवला ते आठवा. आपला उकिरडा हा आपल्या ‘अस्वच्छते’चा पुरावा मानला गेला. तोच उकिरडा ड्रममध्ये भरून गच्चीवर ठेवला की ‘काळं सोनं’ होतो.

जमीन कोण घेऊ शकतो, याचं उत्तर कायदा देतो. कर्नाटकात १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमं शेतकरी नसलेल्या आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या लोकांना शेतजमीन घेण्यापासून रोखत होती. २०२० मध्ये ती काढून टाकली गेली. शेतकरी आणि दलित संघटनांनी त्याविरुद्ध रस्त्यावर येऊन विरोध केला. शहरातल्या पगारदाराला शेत घेण्याची वाट मात्र मोकळी झाली. याच राज्यात १९७८ चा एक कायदा आहे, ज्याने अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनी परवानगीशिवाय विकल्या जाऊ नयेत अशी तजवीज केली. तरीही जमिनी गेल्या, आणि ‘फार उशिरा आलात’ म्हणून दावे फेटाळले जाऊ लागले. शेवटी २०२३ मध्ये दुरुस्ती करून मुदतीची अडचण दूर करावी लागली. शहर पसरतं तेव्हा सर्वांत आधी कुणाची जमीन स्वस्तात सुटते, हे या कायद्याच्या इतिहासात वाचता येतं.

महाराष्ट्रात उलटं चित्र आहे. तिथे शेतजमीन घ्यायची तर आजही साधारणपणे शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ऐकायला हे शेतकऱ्याच्या हिताचं वाटतं. पण ज्याच्या आजोबांच्या नावावर सातबारा नव्हता, तो पुरावा कुठून आणणार? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात राबलेल्याचा नातू शिकला, नोकरीला लागला, चार पैसे जमले, आणि कागद त्याला विचारतो: तू शेतकरी कधी होतास? कर्नाटकातला सैल कायदा त्याला पैशाअभावी बाहेर ठेवतो, महाराष्ट्रातला कडक कायदा दाखल्याअभावी. दोन्हीकडे आत बसलेले तेच आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीखालच्या क्षेत्रापैकी अनुसूचित जातींच्या हाती जेमतेम ९ टक्के आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १६.६ टक्के आहे.

शेताचं राहू द्या, घराचं बघू. महाराष्ट्रातल्या रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला घरकुलासाठी अनुदान मिळतं. बांधकामाचं क्षेत्र २६९ चौरस फूट. एचएसआरमधला तीस बाय चाळीसचा साइट १२०० चौरस फुटांचा असतो, म्हणजे आपलं घरकुल त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. त्यासाठी जागा आपली हवी. जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी योजना आहे, ती ५०० चौरस फुटांपर्यंत. त्यात घर उभं राहिल्यावर खुराडं कुठे ठेवायचं, शेळी कुठे बांधायची, शेवगा कुठे लावायचा? गरिबाला झोपायला छप्पर पुरे, त्याला अंगण कशाला, असं या मोजमापात गृहीत धरलं आहे. एकीकडे पशुसंवर्धन खातं परसातल्या कुक्कुटपालनासाठी पिल्लं वाटतं. बेंगळुरूच्याच कृषी विद्यापीठाने परसात पाळण्यासाठी ‘गिरिराजा’ ही जात तयार केली. दुसरीकडे घरकुलाच्या नकाशात परसच नाही.

उरलं गायरान. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले. त्या रेट्यातून, आणि पुढच्या गायरान लढ्यांतून, १९९१ चा शासन निर्णय आला. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचं त्याने मान्य केलं. तरीही असंख्य फायली तहसीलमध्ये धूळ खात राहिल्या, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या. स्वामित्व योजनेचा ड्रोन २०२० पासून गावठाणाची मोजणी करतो आणि मालमत्ता पत्रक देतो. पण जी वस्ती गावठाणाबाहेर बसवली गेली, तिच्यावरून तो नुसता उडून जातो.

कोंबडी मिळाली तरी अंडं खाऊ द्यायचं की नाही, हेही दुसरेच ठरवतात. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटकने कुपोषण जास्त असलेल्या बिदर, रायचूर, यादगीर, कलबुर्गी अशा जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडं सुरू केलं, तेव्हा काही मठाधीश विरोधात उभे राहिले. अंडं टिकलं, पुढे राज्यभर गेलं. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा स्वतंत्र निधी बंद केला. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याला आठवड्याचं एक अंडं जड झालं. आणि शहरात? मी राहत होते त्या पीजीमध्ये अंडं उकडायलाही मनाई होती. झाडांना घालायला अंड्याची टरफलं मात्र चालत.

इथे आपल्यातूनच एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनी तर खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खडसावलं. १९१८ च्या निबंधात त्यांनी शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवायला सांगितलं. मग शिकलेल्या पोरांनी पुन्हा कोंबड्या आणि वाफे कशाला आठवायचे? माझं उत्तर असं की, खेडं सोडणं आणि जमिनीवरचा हक्क सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक पद्धतीने कसायला देण्याची मागणी केली, आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सरकारी पडीक जमीन मागितली. गावाच्या मेहेरबानीवर जगू नका, असं ते सांगत होते. जमिनीवाचून जगा, असं त्यांनी कधीच सांगितलं नाही.

केरळचं उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिथे झोपडीवाल्या कुटुंबांना पंचायत हद्दीत १० सेंटपर्यंत, म्हणजे चार गुंठे, जागेचा हक्क मिळाला. घराभोवती नारळ, फणस, केळी, कोंबड्या आल्या. पण शेतजमीन कुळांच्या नावावर झाली आणि दलित शेतमजुरांच्या हाती झोपडीची जागाच राहिली. पुढच्या पिढ्या त्याच जागेत दाटीने ‘कॉलनी’त राहिल्या, म्हणून २००७ मध्ये चेंगरामध्ये लोकांना पुन्हा जमिनीसाठी तळ ठोकावा लागला. तेव्हा चार गुंठे ही लढ्याची पहिली पायरी समजा, शेवटची नव्हे.

ही पहिली पायरी तरी नेमकेपणाने मागू या. प्रत्येक भूमिहीन ग्रामीण कुटुंबाला किमान चार गुंठे घरजागा, नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर. रमाई घरकुलाच्या निकषांत परसाची जागा. १९९१ च्या निर्णयाखालच्या गायरान दाव्यांचा निकाल, आणि तोवर एकाही घराला नोटीस नाही. भूमिहीन शेतमजुराच्या मुलाबाळांना शेतजमीन खरेदीसाठी शेतकरी दाखल्यातून स्पष्ट सूट. शाळेत अंडं, कायमच्या तरतुदीने.

यात पदवीधरांचं काम काय? गावाकडे जाल तेव्हा घराचा नमुना आठ कुणाच्या नावावर आहे ते पाहा. घर गावठाणात पडतं की बाहेर, ते नकाशावर तपासा. गायरानाचा जुना अर्ज, दंडाची पावती, पंचनामा, वीजबिल, जे सापडेल ते फोटो काढून जपून ठेवा. १९९० पूर्वीचा एक कागद एखादं घर वाचवू शकतो. वस्तीतल्या दहा घरांचे कागद एकत्र करून माहितीच्या अधिकारात फायलीची स्थिती विचारा. आपल्या आयांना हे अर्ज वाचता येत नव्हते. आपल्याला येतात.

आणि ऑफिसात कुणी गच्चीवरच्या पहिल्या वांग्याचा फोटो दाखवला, तर वांग्याचं कौतुक जरूर करा. मग विचारा की गच्ची कुणाच्या नावावर आहे.

जय भीम.