तेहतीस विरुद्ध एक

विकास सोसायटीची किंवा बाजार समितीची निवडणूक कशी जिंकतात, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला शिकवावे लागत नाही. मतदार मोजके असतात आणि पॅनेलप्रमुखाला त्यांची नावे, भावकी आणि अडचणी तोंडपाठ असतात. कुणाचे कर्ज अडले आहे, कुणाच्या मुलाला कुठे चिकटवायचे आहे, कुणाला मतदानाआधी चार दिवस देवदर्शनाला न्यायचे आहे, याचा हिशेब आधीच मांडलेला असतो. एवढे ज्ञान गाठीशी असले की झुरिकच्या फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा कारभार समजून घेणे फारसे अवघड जात नाही.

फिफाचे सभासद 211 आणि प्रत्येकाला एक मत. ब्राझीलला एक, भारताला एक आणि कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात बेटालाही एकच. या बेटाची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपले नारायणगाव त्याच्या कितीतरी पुढे. छोट्यांना समान मत असावे, यात वावगे काहीच नाही. मेख पुढे आहे. अध्यक्षाला निवडून देणारे हे सभासद त्याच अध्यक्षाच्या हातून विकासनिधी घेतात. 2023 ते 2026 या चार वर्षांत प्रत्येक सदस्य संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळण्याची सोय फिफाने केली आहे. माँटसेरातसारख्या ठिकाणी एवढ्या पैशात मैदान, कचेरी, पगार आणि वर परदेशवाऱ्या असे सगळेच भागते. ज्याने दिले, त्याच्याविरुद्ध मत कोण टाकणार?

ही घडी बसवली ब्राझीलच्या जोआव हॅवेलांज यांनी. 1974 मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या दुर्लक्षित देशांना जवळ करून त्यांनी अध्यक्षपद मिळवले आणि पुढे 24 वर्षे ते सोडले नाही. विश्वचषकातले संघ वाढले, प्रायोजक आले, पैसा आला. त्याचबरोबर हक्कविक्रीचे कंत्राट घेणारी आयएसएल नावाची स्विस कंपनीही आली. ती 2001 मध्ये बुडाली. हॅवेलांज आणि त्यांचे एकेकाळचे जावई रिकार्डो तेशेरा यांना या कंपनीने लाखो फ्रँक चारले होते, हे 2012 मध्ये खुल्या झालेल्या न्यायालयीन कागदपत्रांतून जगाला कळले. गंमत म्हणजे, पैसे दिले-घेतले गेले त्या काळात खासगी व्यवहारातली अशी लाच स्वित्झर्लंडच्या कायद्यात गुन्हाच नव्हती. 2013 मध्ये हॅवेलांज यांनी मानद अध्यक्षपद सोडले. शिक्षा म्हणावी तर एवढीच.

पाकिटे कशी वाटली जातात, याचे छायाचित्रच एकदा बाहेर आले. मे 2011. फिफाच्या अध्यक्षपदासाठी सेप ब्लाटर यांच्यासमोर कतारचे मोहम्मद बिन हम्माम उभे होते. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका हॉटेलात कॅरिबियन संघटनांची बैठक भरली. बिन हम्माम यांचे भाषण झाले आणि प्रतिनिधींना एकेक करून एका खोलीत 'भेटवस्तू' न्यायला बोलावण्यात आले. बहामाच्या फुटबॉल संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांच्या हाती एक बंद लिफाफा पडला. उघडला तर आत शंभर-शंभर डॉलरच्या नोटांच्या चार गड्ड्या, एकूण 40 हजार डॉलर. तेव्हाच्या दराने अठरा लाख रुपयांच्या घरात. लन यांनी आपल्या अध्यक्षांना विचारले, त्यांनी परत करायला सांगितले. परत करण्यापूर्वी लन यांनी नोटांचा फोटो काढून ठेवला. त्या एका फोटोने सगळे बिंग फुटले.

दुसऱ्या दिवशी यजमान जॅक वॉर्नर यांनी प्रतिनिधींना झापले. त्याचे चित्रण पुढे एका ब्रिटिश वृत्तपत्राने प्रसिद्ध केले. फारच सोवळे असाल तर चर्च काढा, आपला व्यवहार तो आपला व्यवहार, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. वॉर्नर तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते आणि त्रिनिदादच्या सरकारात मंत्रीही.

बिन हम्माम यांना माघार घ्यावी लागली आणि 1 जून 2011 रोजी ब्लाटर एकटेच उभे राहून पुन्हा अध्यक्ष झाले. पाकिटांमुळे बिन हम्माम यांच्यावर घातलेली आजन्म बंदी क्रीडा लवादाने पुरेशा पुराव्याअभावी उठवली. मग दुसऱ्या प्रकरणांत तीच बंदी पुन्हा घालण्यात आली. 27 मे 2015 च्या पहाटे झुरिकच्या बोर ओ लाक या आलिशान हॉटेलात स्विस पोलीस शिरले आणि फिफाच्या वार्षिक सभेसाठी जमलेल्या सात बड्या पदाधिकाऱ्यांना घेऊन गेले. कॅमेऱ्यांपासून अब्रू वाचावी म्हणून हॉटेलच्या नोकरांनी पांढऱ्या चादरी आडव्या धरल्या होत्या. चोवीस वर्षांत 15 कोटी डॉलरहून अधिक लाच घेतल्या-दिल्याचा अमेरिकी सरकारचा आरोप होता. आणि दोनच दिवसांनी त्याच शहरात, त्याच सभेत, ब्लाटर 133 मते मिळवून पुन्हा निवडून आले! चार दिवसांत त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली, ही गोष्ट वेगळी. युरोपीय फुटबॉलचे तेव्हाचे प्रमुख मिशेल प्लातिनी यांना दिलेल्या 20 लाख फ्रँकच्या प्रकरणात फिफाने दोघांवरही बंदी घातली. स्विस न्यायालयांनी मात्र 2022 आणि 2025 अशा दोन्ही वेळा दोघांना निर्दोष सोडले. वॉर्नर तर अमेरिकेच्या हाती कधी लागलेच नाहीत.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे समजू नये. श्रीलंकेचे मनिलाल फर्नांडो यांच्यावर 2013 मध्ये आजन्म बंदी आली, नेपाळचे गणेश थापा यांच्यावर 2015 मध्ये दहा वर्षांची. आणि फिफाच्या कार्यकारी मंडळावर निवडून आलेला पहिला भारतीय माणूस महाराष्ट्राचा होता.

गोंदियाचे प्रफुल्ल पटेल 2009 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. त्याआधी वीस वर्षे ती खुर्ची प्रियरंजन दासमुन्शी यांच्याकडे होती. म्हणजे 1988 पासून 2022 पर्यंत भारतीय फुटबॉलने दोनच अध्यक्ष पाहिले, दोघेही केंद्रात मंत्री राहिलेले. एप्रिल 2019 मध्ये क्वालालंपूरला झालेल्या निवडणुकीत पटेल यांना 46 पैकी 38 मते पडली आणि ते फिफाच्या कौन्सिलवर गेले. या कौन्सिलच्या सदस्याला वर्षाला अडीच लाख डॉलर मानधन मिळते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पटेल यांना फुटबॉलमधल्या लाचखोरीसाठी कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. प्रश्न खुर्चीच्या मुदतीचा आहे. तेव्हाच्या राष्ट्रीय क्रीडा संहितेप्रमाणे अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षे. पटेल यांची मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली. निवडणूक झाली नाही. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे, असे कारण देत जुनेच मंडळ पुढे दीड वर्ष बसून राहिले. 2016 ची निवडणूक दिल्ली उच्च न्यायालयाने 2017 मध्येच रद्द ठरवली होती आणि त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती होती. मुदत संपलेले मंडळ, न्यायालयात लोंबकळलेले प्रकरण आणि 'तांत्रिक कारणाने' लांबलेली निवडणूक, हा मामला सहकारी महाराष्ट्राला काही नवा नाही.

18 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मंडळ बाजूला सारले आणि निवृत्त न्यायमूर्ती अनिल दवे, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी व माजी कर्णधार भास्कर गांगुली यांची समिती नेमली. आपल्याकडच्या भाषेत, प्रशासक बसवला. समितीने एक धाडसाची सूचना केली. मतदार यादीत 36 राज्य संघटनांबरोबर 36 नामवंत खेळाडूही असावेत. ज्यांनी घाम गाळला, त्यांनाही मत. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

फिफाला हे मानवले नाही. 15 ऑगस्टच्या रात्री, म्हणजे भारतात स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे साजरी होत असतानाच, फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केले. कारण दिले, 'तिऱ्हाइताचा हस्तक्षेप'. हा तिऱ्हाईत म्हणजे देशाचे सर्वोच्च न्यायालय! पटेल यांनीच राज्य संघटनांना हाताशी धरून आणि फिफाकडे संधान बांधून न्यायालयाच्या कामात खोडा घातला, असा आरोप करणारी अवमान याचिका समितीने त्याआधीच दाखल केली होती.

शिक्षा कुणाला झाली, ते बघा. गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. बूट-जर्सीसकट हॉटेलात बसून त्यांना पंतप्रधानांकडे मदतीसाठी गाऱ्हाणे घालावे लागले आणि शेवटी न खेळताच परतावे लागले. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होणारी सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा हातची जाण्याची वेळ आली. ज्यांनी मुदत संपूनही खुर्ची सोडली नव्हती, त्यांचा एक दिवसही वाया गेला नाही.

सरकार धावले, न्यायालयाने 22 ऑगस्टला समिती बरखास्त केली, खेळाडूंची मते यादीतून गेली आणि चार दिवसांत बंदी उठली. 2 सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला माजी गोलरक्षक आणि बंगाल भाजपचे नेते कल्याण चौबे, दुसऱ्या बाजूला भारताच्या फुटबॉलचा चेहरा मानला गेलेला बायचुंग भुतिया. निकाल लागला 33 विरुद्ध 1. चौबे यांची निवड नियमाने झाली, त्यात खोट काढण्यासारखे नाही. पण 36 खेळाडू मतदार असते तर हाच आकडा लागला असता का, एवढे ज्याने-त्याने मनाशी विचारावे.

पुण्याला बाहेरच्या हस्तक्षेपाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पुण्याचे सुरेश कलमाडी 1996 पासून भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिलेले बालेवाडीचे संकुल ही त्यांच्या वैभवाची खूण. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत वेळ आणि गुण मोजण्याच्या यंत्रणेचे 141 कोटींचे कंत्राट एका स्विस कंपनीला दिल्याच्या प्रकरणात सीबीआयने एप्रिल 2011 मध्ये त्यांना अटक केली. नऊ महिने ते तिहारमध्ये होते. राष्ट्रकुलशी संबंधित दुसऱ्या एका प्रकरणात ईडीने दिलेला तपास बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये स्वीकारला, हेही नोंदवायला हवे. मात्र खटले चालू असतानाच, डिसेंबर 2016 मध्ये, ऑलिम्पिक संघटनेने कलमाडींना आजीव अध्यक्ष करण्याचा ठराव केला. देशभर ओरड झाली, तेव्हा तो गुंडाळला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारताला डिसेंबर 2012 मध्ये निलंबित केले आणि ते निलंबन उठवण्यासाठी, आरोपपत्र असलेल्यांना पदावरून दूर ठेवा, हा आग्रह धरला. म्हणजे बाहेरचा दट्ट्या प्रत्येक वेळी वाईटच असतो असे नाही. तेव्हाही झळ मात्र खेळाडूंनाच बसली. 2014 च्या सोची हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला भारताचे तिघे खेळाडू तिरंग्याशिवाय चालले.

मग गावची सोसायटी आणि फिफा यांत फरक काय? फरक आहे आणि तो सोसायटीच्या बाजूचा आहे. सोसायटीत गडबड झाली की सहायक निबंधकाकडे तक्रार जाते, कलम 83 खाली चौकशी लागते, कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी संचालकांच्या अंगावर येऊ शकते. ती किती वेळा येते, हा निराळा विषय. पण दार तरी आहे. फिफा ही स्विस कायद्याखालची एक संस्था. तिच्यावर ना निबंधक, ना संसद, ना सामान्य मतदार. देशोदेशीच्या महासंघांना तिने शिकवलेला मंत्र एकच, स्वायत्तता. संघाच्या छातीवर देशाचे नाव हवे, सरकारी मैदाने हवीत, अनुदान हवे. हिशेब मागितला, की ही मंडळी खासगी संस्था होतात.

सप्टेंबर 2017 मध्ये 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' खाली राज्यातल्या शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. दहा लाख मुलांना एका दिवशी मैदानात उतरवायचा तो संकल्प होता. पुढच्याच महिन्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात खेळला. कोल्हापूरच्या पेठांत आणि तालमींत फुटबॉल पिढ्यानपिढ्या रुजलेला आहे, म्हणून तिथून अनिकेत घडतो. घोडेगाव किंवा ओतूरच्या शाळेतल्या पोराला मात्र पुढची पायरी महासंघाकडूनच मिळायची. जिल्हा स्पर्धा, पंच, प्रशिक्षक, लीग. यासाठीचे पैसे वरून खाली किती झिरपतात, हे विचारायचा हक्क त्याच्या पालकांना हवा.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. क्रीडा मंडळ आले, वाद सोडवायला न्यायाधिकरण आले, खेळाडूंना कार्यकारिणीत जागा आली. हे चांगलेच झाले. माहिती अधिकाराला मात्र कात्री लागली. सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांनाच तो लागू आणि तोही त्या अनुदानाच्या विनियोगापुरता. प्रक्षेपण हक्कांचे, प्रायोजकांचे, परदेशी महासंघांकडून येणाऱ्या निधीचे हिशेब पडद्याआडच राहणार. भारतीय फुटबॉलमध्ये मोठा पैसा नेमका तिथे आहे. 2010 मध्ये महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी 700 कोटींना विकले, त्यावर खुली चर्चा किती झाली?

माहितीच्या अधिकाराची लढाई लढणारे राळेगणसिद्धी शेजारच्याच पारनेर तालुक्यातले आणि महाराष्ट्राने हा कायदा केंद्राच्या आधी, 2002 मध्ये केला. त्या महाराष्ट्राच्या खासदारांनी एवढी दुरुस्ती मागावी. जी संघटना देशाच्या नावाने संघ उतरवते, तिचा सगळा जमाखर्च माहिती अधिकाराखाली यावा, पैसा सरकारचा असो, प्रायोजकाचा असो वा झुरिकचा. मते मागायला ते पुन्हा दारात येतील, तेव्हा वाचकांनी रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारावे.