कॅसिनोची रोकड खिशात नको, खात्यात हवी

नावडे, कळंबोली, तळोजा भागातून गोव्यातल्या कॅसिनोच्या बोटींवर निघणाऱ्या मित्रमंडळींत एक जण हमखास खजिनदार असतो. सगळ्यांनी काढलेले पैसे त्याच्याकडे जमा होतात, तो ते कमरेच्या पाकिटात कोंबतो आणि कळंबोलीला रात्रीची बस नाहीतर पनवेलला कोकणकन्या पकडतो. पुढचे दोन दिवस तो जिथे जाईल तिथे सगळ्यांचे पैसे जातात, आणि त्याच्याकडे किती आहेत हे गावातल्या निदान दहा जणांना ठाऊक असते. कॅसिनोतल्या चोऱ्यामाऱ्यांची चर्चा सुरू झाली की लोक बोटीवरच्या कॅमेऱ्यांबद्दल विचारतात. खरे तर आधी या पाकिटाबद्दल विचारायला हवे.

महाराष्ट्रात परवानाधारक कॅसिनो नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा केला, पण तो कधीच अमलात आला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि विषय संपवला. त्याच १९७६ साली आलेल्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि १९९६ मध्ये बोटींवरच्या जुगारासाठी वाट काढण्यात आली. पणजीजवळ मांडवी नदीत उभ्या असलेल्या बोटी त्या दुरुस्तीची देणगी. तेव्हा नावड्याच्या माणसाची रोकड टेबलावर पोचण्याआधी सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करते, आणि नशीब उघडलेच तर तेवढाच प्रवास उलटा करते.

जवळचा पर्याय म्हणजे पत्त्यांचा चोरटा क्लब. तिथे रोकड सुरक्षित राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली छापा पडला की टेबलावरचे पैसे मुद्देमाल म्हणून जप्त होतात, आणि त्यातले आपले किती हे सांगायला कोणी पोलीस ठाण्यात जात नाही.

या पट्ट्यात हाती येणाऱ्या पैशाची जातही लक्षात घ्यायला हवी. १९७० मध्ये नवे शहर वसवणारी सिडको आली, शेती गेली, जासई आणि दास्तान फाट्यावर १९८४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांचे रक्त सांडले आणि गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेची वाट मोकळी झाली. तेव्हापासून इथल्या अनेक घरांत पैसा महिन्याच्या पगारासारखा येत नाही. भूखंड विकला की एकदम येतो. भिशी एकदम लागते. लोखंड बाजारातला नाहीतर वाहतुकीतला व्यवहार एकदम मिटतो. एकदम आलेल्या पैशाचा काही भाग रोख असला, की तो घरात ठेवणेही जोखमीचे आणि बाहेर नेणेही.

त्यात रोकड आता पूर्वीपेक्षा जाडजूड झाली आहे. दोन हजारांच्या नोटेत पाच लाख म्हणजे २५० नोटा होत. शर्टाच्या आतल्या खिशात मावत. १९ मे २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने ती नोट चलनातून काढून घेण्याचे जाहीर केल्यापासून तेच पाच लाख म्हणजे पाचशेच्या हजार नोटा, दहा बंडले. त्यांना पिशवी लागते. पिशवी पायाशी ठेवावी लागते, झोपताना उशाला घ्यावी लागते, जेवायला उतरताना बरोबर न्यावी लागते. पिशवीला इतके जपणारा माणूस पाहणाऱ्याला फार काही सांगावे लागत नाही.

रोकड लुटणारे बहुधा आधी टीप मिळवतात. टीप देणारा कधी गाडीचा चालक असतो, कधी हॉटेलचा पोऱ्या, कधी बरोबर न आलेला पण सगळे ठाऊक असलेला मित्र. पुढच्या युक्त्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या ओळखीच्या आहेत. अंगावर घाण टाकायची आणि पुसायला मदत करायची. दहा-दहाच्या नोटा रस्त्यावर टाकून ‘तुमचे पैसे पडले’ म्हणायचे. चाक पंक्चर करून गाडी थांबवायची आणि काच फोडून पिशवी उचलायची. तोतया पोलीस बनून ‘पुढे नाकाबंदी आहे, रोकड दाखवा’ म्हणायचे. या सगळ्यांत बळजबरी कमी आणि माहिती जास्त लागते. म्हणून पहिला उपाय कुलूप-किल्लीचा नाहीच. रक्कम किती, कोणाकडे, कोणत्या गाडीत, हे जितक्या कमी कानांवर जाईल तितके बरे. टेबलावरच्या चिपांचा फोटो त्याच क्षणी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावणारा माणूस ही टीप फुकट वाटत असतो.

पणजीत पोचल्यावर आणखी एक अडचण येते, ती बोटींच्या रचनेतून. जमिनीवरच्या कॅसिनोला दारे अनेक असू शकतात. मांडवीतल्या बोटीवरून उतरणारा माणूस मात्र छोट्या फेरीबोटीने मोजक्याच जेट्ट्यांवर येतो आणि बांदोडकर मार्गावर पाय ठेवतो. रात्री दोन-तीनला, बहुतेकदा प्यालेला; कारण प्रवेशाच्या पॅकेजातच जेवण आणि हवी तितकी दारू असते. तिथे उभ्या असलेल्या कोणालाही दोन गोष्टी कळतात: हा कॅसिनोतून आला, आणि आता हॉटेलवर जाणार. बोटीवर डोक्यावर कॅमेरे होते, दारात पहारेकरी होते. जेट्टीच्या पुढे ज्याचे त्याने पाहायचे.

आतली व्यवस्था मालकाच्या पैशासाठी उभी केलेली आहे आणि ती कामाचीही आहे. १४ डिसेंबर २०१० रोजी लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत हेल्मेट घातलेला एक जण पिस्तूल घेऊन शिरला आणि सुमारे पंधरा लाख डॉलरच्या चिपा घेऊन मोटारसायकलवरून पळाला. कॅसिनोने २५ हजार डॉलरच्या चिपांची ती मालिकाच बाद करायचे जाहीर केले. लुटलेला माल खपवायला ग्राहक शोधताना चोर सापडला. चिप त्या घराबाहेर प्लास्टिकचा तुकडा असते, म्हणून तिला पळवणारा फसतो. नोटेला असे घर नसते. काउंटरवर चिपांचे रूपांतर नोटांत झाले, त्या क्षणी सगळी जोखीम कॅसिनोच्या अंगावरून ग्राहकाच्या अंगावर येते.

ती तशी येऊ देण्याचे कारण नाही. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही, आणि दंड देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला आहे, तोही स्वीकारलेल्या रकमेइतका. बँका, सरकार अशांना यातून सूट आहे, नशीबवानांना नाही. म्हणजे कॅसिनोच्या खिडकीतून तीन लाखांची बंडले अभिमानाने उचलणारा गडी चोरांच्या आधी आयकर खात्याच्या तावडीत सापडू शकतो. कॅसिनो काळ्या पैशाविरोधी कायद्याच्याही कक्षेत आहेत. दहा लाखांवरील रोख व्यवहाराची माहिती त्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावी लागते. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर पन्नास हजारांवरची रोकड कागदाविना बाळगणाऱ्याला वाटेतच अडवले जाते. बँकेतून पैसे काढल्याची पावती आणि कॅसिनोची पावती ही दोन चिटोरी जवळ ठेवली, तर यातल्या निम्म्या कटकटी टळतात.

रोकड गमावण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे. युरोपीय पद्धतीच्या रुलेटच्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास ३५ पट मिळतात. त्या फरकातून प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराकडे जातात. दोन शून्यांच्या अमेरिकी चाकावर ५ रुपये २६ पैसे. आकडा किरकोळ वाटतो. पण लाख रुपये घेऊन बसलेला माणूस तेच पैसे फिरवत रात्रभरात दहा लाखांचे डाव लावतो, आणि मग सरासरी तोटा २७ हजार होतो. पाकीटमार एकदाच हात घालतो. वर चिपांच्या खरेदीवर जीएसटी आहे: १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०. चिपा न खेळता परत केल्या तरी कराच्या हिशेबातून ती रक्कम वजा होत नाही. जिंकलेल्या पैशावर ३० टक्के आयकर, आणि शनिवारी हरलेले रविवारी जिंकलेल्यातून वजा करायची सोय नाही.

खिसा रिकामा झाल्यावर धोका वाढतो, कारण मग उसनवारी सुरू होते. गाडी, सोनसाखळी, मोबाइल ठेवून पैसे देणारे भेटतात. ‘इथे रोख द्या, तिथे चिपा घ्या’ म्हणणारे एजंट तर गावातच भेटतात. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या, कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. तो न्यायालयात वसूल होत नाही. जुन्या मुंबई प्रांतासाठी १८६५ साली केलेल्या कायद्याने तर पैजेसाठी दिलेल्या उसन्या पैशालाही तोच नियम लावला. ऐकायला हे कर्जदाराच्या सोयीचे वाटते. प्रत्यक्षात ज्या कर्जाला कोर्ट नाही त्याची वसुली दारात येऊन होते.

मनिलाच्या रिसॉर्ट्स वर्ल्ड कॅसिनोत २ जून २०१७ रोजी काय घडले ते आठवावे. जुगारात कर्जबाजारी झालेला एक माजी सरकारी कर्मचारी बंदूक आणि पेट्रोल घेऊन आत शिरला, टेबलांना आगी लावल्या आणि पिशवीत चिपा भरल्या. ३७ निरपराध माणसे मेली, बहुतेक धुराने गुदमरून. त्याच्या घरच्यांनी काही आठवड्यांपूर्वीच अर्ज करून त्याला कॅसिनोंत प्रवेशबंदी करवून घेतली होती. तिचा अंमल दारावर झाला नाही. या घटनेच्या वर्षाहून अधिक काळ आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतून चोरलेल्या ८ कोटी १० लाख डॉलरांपैकी बहुतांश पैसा फिलिपिन्सच्या कॅसिनोंतून फिरून गायब झाला होता. जुलै २०१७ मध्ये फिलिपिन्सने कॅसिनोंना काळ्या पैशाविरोधी कायद्याखाली आणले. दोन्ही घटनांची मुळे वेगळी, पण कोणाचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे दारावर न पाहिल्याची किंमत दोन्हीकडे मोजावी लागली.

ज्यांनी हे मनावर घेतले त्यांचे नियम साधे आहेत. सिंगापूरमध्ये कॅसिनोच्या आवारात एटीएम ठेवता येत नाही. नागरिकांना दिवसाला १५० सिंगापुरी डॉलर प्रवेशकर भरावा लागतो आणि घरच्यांना अर्ज करून माणसाला आत जाण्यापासून रोखता येते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१२ मध्ये जुगारयंत्रे असलेल्या पब आणि क्लबांतून एटीएम हलवली. सिडनीच्या स्टार कॅसिनोत ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येकाला ओळखीच्या कार्डावर खेळावे लागते आणि रोखीला दिवसाकाठी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा घातली गेली. गोव्यानेही १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी केली. आपल्या माणसांपुरता धोका तिथल्या सरकारने ओळखला आहे. बाहेरून येणाऱ्यांचा नंबर अजून लागायचा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. रोख पैसा हीच मर्यादा आहे, असे जाणते खेळाडू सांगतात: दहा हजार घेऊन जावे, संपले की उठावे, कार्ड आणि यूपीआय हाताशी असले की माणूस खाते रिकामे करूनच उठतो. खरे आहे. म्हणून जाताना रोख थोडी असावी, आणि ती सोबत्यांत वाटलेली असावी. एकाच्या कमरेला सगळ्यांचे पैसे ही पद्धत तर पहिल्यांदा मोडावी. मोठ्या खात्याचे कार्ड घरी ठेवून वेगळ्या छोट्या खात्याचे कार्ड बरोबर न्यावे. पण परतीच्या पैशाला हा युक्तिवाद लागू होत नाही. जिंकलेली रक्कम थेट खात्यात गेल्याने कोणाचा संयम सुटत नाही; उलट, त्या रात्री पुन्हा टेबलाकडे वळायला हातात काही उरत नाही. कॅसिनोवाल्यांना ते नको असेल तर त्याचे कारण यातच आहे.

गोवा सरकारने परवान्याच्या अटींत तीन गोष्टी घालाव्यात. पन्नास हजारांवरचे जिंकलेले पैसे कॅसिनोने पावतीसह पाहुण्याच्या बँक खात्यातच जमा करावेत. रात्री उतरणाऱ्या पाहुण्याला जेट्टीपासून नोंद असलेल्या टॅक्सीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी बोटीच्या मालकाची असावी. आणि आई, बायको, मुलगा यांच्या अर्जावर प्रवेशबंदी घालण्याची सोय महाराष्ट्रातल्या कुटुंबांनाही मिळावी, कारण मांडवीवर खर्च होणारा पैसा बव्हंशी गोव्याबाहेरून येतो. महाराष्ट्र सरकारने कॅसिनोचा कायदा रद्द करून हात झटकले असले तरी हे गोव्याकडे मागणे त्याला अशक्य नाही. तोवर नावड्याच्या खजिनदाराने चिपा घेण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावे: जिंकलेले पैसे खात्यात मिळतील का, कोणाच्या नावाने, किती दिवसांत, आणि त्याची पावती आत्ता मिळेल का. उत्तर सरळ आले नाही तर त्याच फेरीबोटीने परत यायला मुभा आहे. प्रवेशाचे पैसे तेवढे जातील.