लाल पट्ट्याचं कारण

वरणगावचा एक मुलगा राज्यातल्याच एका संस्थेत विमान चालवायला शिकतो आहे. या आठवड्यात त्याचा फोन आला. ‘काका, टॅकोमीटरवरचा लाल पट्टा परीक्षेपुरताच असतो का?’ त्याला तसं सांगण्यात आलं होतं. वर हेही, की विमान थरथरत नसेल तर काटा मिनिटाला 2200 फेऱ्यांवर ठेवायला हरकत नाही. मला संताप आला तो या दुसऱ्या वाक्याचा, कारण ते धादांत चुकीचं आहे.

त्याचं विमान जुनं पायपर, 180 अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, पुढे सेन्सेनिचचा पंखा. या इंजिनावरच्या सेन्सेनिचच्या काही पंख्यांसाठी अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने 1969 साली आदेश काढला: 2150 ते 2350 फेऱ्यांच्या दरम्यान सलग चालवू नका. त्यापेक्षा कमी चालेल, जास्त चालेल, मधे थांबायचं नाही. डायलवरचा लाल पट्टा तो हाच. हा नियम त्या पंख्याच्या आणि त्या इंजिनाच्या जोडीचा असतो. तोच पंखा दुसऱ्या इंजिनावर बसवला तर पट्टा सरकतो किंवा नाहीसाही होतो.

मधेच थांबायला मनाई का, हे ज्याला पाहायचं असेल त्याने दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी केलेल्या कुणालाही विचारावं. आपल्याकडे दर दोन घरांआड असा माणूस सापडतो. तिथलं टर्बाइन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालतं, पण थंड मशीन तिथवर नेताना वाटेत क्रिटिकल स्पीड लागतो. त्या वेगाला रोटरची स्वतःची लय आणि फिरण्याची लय जुळते आणि कंप वाढत जातो. म्हणून आधी कमी वेगावर मशीन नीट तापवून घेतात, आणि एकदा वर निघालं की तो टप्पा न थांबता पार करतात. प्रत्येक बेअरिंगचा कंप कंट्रोल रूममध्ये मायक्रॉनमध्ये दिसत असतो. तो मर्यादेबाहेर गेला तर मशीन बंद करतात. तिथल्या ऑपरेटरला हा टप्पा पाठ असतो आणि त्याचं कारणही माहीत असतं.

विमानाच्या पंख्यालाही हेच लागू आहे, फक्त तिथे सगळं जास्त कठीण होऊन बसतं. टर्बाइनला तो टप्पा चालू करताना आणि बंद करताना, काही मिनिटांपुरता लागतो. पंख्याचा मनाईचा पट्टा मात्र नेमका वैमानिकाला रेंगाळावंसं वाटतं तिथे असतो: सावकाश उतरताना, सर्किटमध्ये, पेट्रोल वाचवत जाताना. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं. 2250 फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला 75 धक्के, तासाला 2 लाख 70 हजार. पात्याची लय त्या धक्क्यांशी जुळली की टोकाकडचा भाग वाकत राहतो. आणि पातं ॲल्युमिनियमचं. पोलादाला ताणाची एक पातळी अशी असते की तिच्याखाली तो कितीही वेळा सोसला तरी चालतो. ॲल्युमिनियमला अशी पातळी नाही, त्यात थकवा साठत जातो. धावपट्टीवरची खडी उडून पात्याच्या कडेला बारीकशी खाच पडलेली असेल तर चीर तिथूनच सुरू होते. टोक तुटलं तर उरलेला पंखा असमतोल फिरतो आणि इंजिन आपल्या बैठकीतून उखडू शकतं.

सर्वात वाईट हे, की पात्यातला हा कंप वैमानिकाच्या आसनापर्यंत बहुतेक वेळा पोचतच नाही. बेअरिंगवर असतं तसं त्यावर नजर ठेवणारं यंत्र शिकाऊ विमानात नसतं. प्रमाणपत्र देण्याआधी पात्यांवर ताणमापक चिकटवून तो मोजलेला असतो, आणि त्या सगळ्या मोजणीतून शिकाऊ वैमानिकाच्या हाती काय येतं, तर तो रंगवलेला पट्टा. ‘थरथरत नाही ना, मग चालू दे’ म्हणणारा माणूस त्या मुलाच्या हातातली एकमेव खूण पुसून टाकतो.

कारण न सांगता नियम पाठ करून घेण्याबद्दल मी या जागेत रेल्वे फाटकापासून रोहित्रापर्यंत अनेकदा लिहिलं आहे. वाचक कंटाळले असतील, तरी पुन्हा लिहितो, कारण मला दाट संशय आहे की उड्डाण शिकवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. शिरपूरला आणि जळगावला प्रशिक्षणाची विमानं उडतात, आपली मुलं त्यात बसतात. जुलै 2021 मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ प्रशिक्षणाचं विमान पडलं, त्यात प्रशिक्षकाचा जीव गेला. त्या अपघाताचा पंख्याशी संबंध मी जोडत नाही. पण आकाशात विमान दिसलं की तेव्हापासून माझं लक्ष त्याच्या आवाजाकडे जातं.

पट्टा पाळायचा म्हटलं तरी काटा खरा हवा. केबलवर चालणारा जुना टॅकोमीटर वयाप्रमाणे चुकू लागतो. शंभर फेरे कमी दाखवत असेल, तर 2100 वर निर्धास्त बसलेला मुलगा प्रत्यक्षात 2200 वर, पट्ट्याच्या आत असतो. फिरत्या पंख्याकडे रोखून फेरे मोजणारं हातातलं प्रकाशीय टॅकोमीटर मिळतं, आणि ते विमानाच्या खर्चापुढे काहीच नाही. दर शंभर तासांच्या तपासणीला डायल त्याच्याशी ताडून पाहावी आणि किती फेऱ्यांची चूक निघाली ते डायलखालीच, शिकाऊ मुलाला दिसेल असं चिकटवावं. पंखा बदलला किंवा घासून आखूड केला असेल, तर जुना पट्टा अजून लागू आहे का तेही त्याच दिवशी बघावं. ज्या संस्था आजही हे करत असतील त्यांनी मला कळवावं, त्यांची नावं मी पुढच्या आठवड्यात आनंदाने छापेन.